तायडेताईंचे तीन आकडे

तायडेताईंना कुणाशी काही बोलायचं असलं की त्या फोन करत नसत, चालत येत. आमचं ऑफिस आणि गोदाम यांच्यामध्ये एक भलंमोठं आवार होतं. मे महिन्यात लखनौचं ऊन त्या आवारात असं तापायचं की कुत्रीसुद्धा ट्रकखाली शिरून पडायची. ताई डोक्यावरून ओढणी घेऊन ते आवार दिवसातून चार-पाच वेळा ओलांडायच्या. फोनवर माणूस ‘हाँ मैडम, देखते हैं’ म्हणतो आणि काही पाहत नाही, समोर जाऊन उभं राहिलं की त्याला पाहावंच लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझ्यासमोर त्या अशा पहिल्यांदा येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मला नोकरीला लागून तीन दिवस झाले होते. आमची कंपनी ट्रॅक्टरचे आणि गहू कापायच्या मोठ्या यंत्रांचे सुटे भाग विकायची. तेलीबागच्या पुढे, रायबरेली रोडला गोदाम, आणि आसपासच्या सगळ्या जिल्ह्यांतले डीलर आमचे गिऱ्हाईक. माझं काम फोनवर डीलरची ऑर्डर घ्यायची आणि कॉम्प्युटरवर चढवायची. शेवटची कळ दाबली की तिकडे गोदामातल्या प्रिंटरवर पर्ची निघायची, आणि पर्ची वाचून पॅकर माल काढायचे. पर्चीशिवाय गोदामातून खिळाही हलत नसे.

त्या दिवशी मी कळ दाबली आणि पडद्यावर काही झालं नाही. मी पुन्हा दाबली. मग थोडी जोरात दाबली, जणू जोरावर काही अवलंबून होतं. एकूण सहा वेळा. पंधरा मिनिटांनी पन्नाशी उलटलेल्या एक बाई माझ्या टेबलापाशी आल्या. फिकट निळा सलवार-कमीज, नाकावर घसरलेला चष्मा, हातात सहा पर्च्या पत्त्यांच्या पानांसारख्या पसरून धरलेल्या.

“यह आपने भेजी हैं?”

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं, चष्मा वर सरकवला.

“मराठी का? बरं झालं. मराठीत सांगते, म्हणजे नीट लागेल.”

आणि खरोखरच नीट लागलं. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. मला उठवून आवार ओलांडून गोदामात नेलं. तिथे रामखेलावन नावाचे सगळ्यांत जुने पॅकर गिअरच्या तिसऱ्या पेटीवर खिळे ठोकत होते. एकेक पेटी उचलताना दोन माणसं वाकत होती. ताईंनी मला त्यांची माफी मागायला लावली आणि दोन जास्तीच्या पेट्या उघडायला हात लावायला लावला. रामखेलावन गमछ्याने मान पुसत मला म्हणाले, “बाबू, बाराबंकी वाले इतने गियर का अचार डालेंगे क्या?”

परत येताना ताईंनी मला त्यांचा नियम सांगितला. एकदा दाबायचं. मग पडद्यावर प्रिंटरची रांग पाहायची. रांगेत आपली पर्ची दिसली की खुर्चीला टेकून गप बसायचं. “दुसऱ्यांदा दाबणारा माणूस पहिल्यापेक्षा हुशार नसतो, विनयभाऊ. फक्त घाईत असतो.” मला त्या बाईंचा मनस्वी राग आला होता, हे इथे कबूल करून टाकतो.

त्या मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, मेहकरकडच्या. यजमान फौजेत हवालदार होते, शेवटची बदली लखनौला झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर घेतलं. फौजी कुटुंबांसाठी छावणीत कॉम्प्युटरचा एक वर्ग चालायचा. बाकीच्या बायका तिथे जरा घराबाहेर पडायला जायच्या, ताई शिकायला गेल्या. त्यातूनच कंपनीत डेटा भरायला लागल्या आणि पुढे हळूहळू त्या खोलीपर्यंत पोचल्या, जिथे कपाटाएवढा काळा सर्व्हर एसीमध्ये बसलेला असे. ऑफिस त्याला ‘बड़ी मशीन’ म्हणे. सगळी दुनिया रंगीत झाली तरी या मशीनचा पडदा काळाच, आणि त्यावर हिरवी अक्षरं. बाहेरून आलेल्याला वाटे हे काहीतरी जुनाट प्रकरण आहे. पण अख्खं गोदाम त्यावर चालत होतं आणि ते कधी बंद पडल्याचं मला आठवत नाही.

रोज सकाळी सव्वानऊला ताई पाण्याच्या कूलरजवळच्या पांढऱ्या फळ्यावर तीन आकडे लिहायच्या. वर कुणाचा तरी वाढदिवस, खाली हरवलेल्या छत्रीची सूचना, आणि मध्ये ताईंचे तीन आकडे. लोक येता-जाता विचारायचे, “आज मैडम का बीपी कितना है?” त्या हसायच्या नाहीत आणि रागवायच्याही नाहीत. एका दुपारी, जेवणाच्या डब्यावर, मी त्यांना ते आकडे काय आहेत ते विचारलं. चूकच केली म्हणायची, कारण पुढचा पाऊण तास त्या थांबल्या नाहीत. पण मला जे समजलं ते आजवर विसरलेलो नाही.

मशीनला दिलेलं कुठलंही काम म्हणजे एक जॉब. मी सकाळी लॉगिन केलं, झाला एक जॉब. पर्ची बनवायला सांगितली, तो एक. पर्ची प्रिंटरकडे ढकलणारासुद्धा एक जॉबच. पहिला आकडा आत्ता चालू असलेल्या जॉबांचा. दुसरा मशीनच्या पोटात असलेल्या एकूण जॉबांचा. तिसरा रांगेत थांबलेल्या कागदांचा. आता पहिला आकडा दीडशे असताना दुसरा बाराशे कसा, हे मला कळेना.

“तुमच्या घरी लग्नकार्य झालंय ना?” ताईंनी ठेच्याला भाकरी लावत विचारलं. “अक्षता पडल्या, पंगती उठल्या, वऱ्हाड गेलं. मग कार्य संपलं का?”

“संपलं.”

“काहून संपलं? मांडव उभा आहे. भाड्याची पातेली अंगणात पडली आहेत. मांडववाला सामान उचलून नेईल तेव्हा कार्य संपलं. मशीनचंही तसंच आहे. जॉबचं काम झालं, तो मेला. पण त्याने बनवलेला कागद रांगेत पडून आहे, प्रिंट नाही झाला, कुणी पुसलाही नाही, तोवर मशीन त्याला मोजत राहते. संपलेला, पण न गेलेला. दुसऱ्या आकड्यात बहुतेक असलेच असतात.”

आणि हा आकडा वाढू द्यायचा नाही, कारण मशीनला किती जॉब सांभाळायचे याची एक हद्द असते. ती गाठली की ती नवीन जॉब घ्यायचं बंद करते, मग तुम्ही कितीही कळा बडवा. पण आकडा वाढला म्हणून आंधळेपणाने पुसायचंही नाही. आधी विचारायचं, का वाढला.

हे त्या नुसतं बोलत नसत. एका गुरुवारी फळ्यावर तिसरा आकडा लिहिता लिहिता त्या थबकल्या आणि माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “जानकीपुरमवाल्यांनी प्रिंटर बंद करून ठेवला आहे. मंगळवारपासून.” जानकीपुरम म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असलेलं आमचं शोरूम. मी फोन लावला, तर तिकडून शपथेवर सांगण्यात आलं की प्रिंटर अगदी ठणठणीत आहे. ताईंनी माझ्या हातून फोन घेतला, त्यांच्या दृष्टीने हे अगदी खालच्या थराला जाणं होतं, आणि विचारलं, “भैया, कूलर कहाँ लगाया है?” पलीकडून कबुली आली. उन्हाळा सुरू झाला होता, आणि कूलरसाठी त्यांनी प्रिंटरचाच प्लग काढला होता. रोज शोरूमच्या नावावर बारा-चौदा कागद जास्त साठत होते, एवढ्यावरून ताईंनी हे ओळखलं. त्या दिवसापासून मी त्या फळ्याकडे जरा आदराने पाहू लागलो. ऑफिस मात्र बीपीवरच राहिलं.

रांग हा त्यांचा ऑफिसाबाहेरचाही विषय होता. माझी आई जळगावहून आली होती तेव्हा तिला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. सोबत ताई आल्या. सत्तर-ऐंशी माणसं रांगेत उभी, आम्हीही मुकाट्याने मागे उभे राहिलो. पाच मिनिटांनी ताई रांग सोडून सरळ पुढे गेल्या. लोक ओरडले, “ऐ मैडम, लाइन से आइए!” त्यांनी वळून सांगितलं, “आ रही हूँ भैया, पहले देख तो लूँ खिड़की में कोई है भी कि नहीं.” कुणीच नव्हतं. त्या दिवशी ते काउंटर दुसऱ्या मजल्यावर हलवलं होतं आणि ऐंशी माणसं एकमेकांकडे पाहून उभी होती. जिना चढताना त्या आईला म्हणाल्या, “रांग लांब आहे म्हणजे काम चालू आहे, असं काहून समजायचं?” आईने ती गोष्ट जळगावात जाऊन किमान वीस घरी सांगितली असेल.

घरी मात्र त्यांचं कुणी ऐकत नसे. मुलगी लखनौतच वाढलेली, तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत. “मम्मी यार, हर चीज़ में लाइन मत लगाया करो.” हवालदारसाहेब टीव्हीसमोरून नुसता हात वर करायचे. मी गेलो की ताईंना मराठी बोलायला माणूस मिळे, मग चहा दोनदा व्हायचा.

त्यांची एक गोष्ट मला खटकायची. मशीनवरचा त्यांचा विश्वास. ऑफिसात काहीही बिनसलं की लोक मशीनला बोल लावायचे, आणि ताई एकच वाक्य बोलायच्या. “मशीन खोटं बोलत नाही. आपण अर्धंच विचारतो.” आणि दर वेळी त्यांचंच खरं निघे. त्यामुळे हळूहळू असं झालं की कुठलाही वाद ताईंपाशी गेला की मिटला. मैडम ने कह दिया, म्हणजे झालं. मालकांच्या शब्दालाही आमच्याकडे एवढं वजन नव्हतं.

या वर्षी एप्रिलमध्ये याच वजनाखाली रामखेलावन सापडले.

गव्हाच्या कापणीचे दिवस. बाराबंकीच्या त्या डीलरने कापणी यंत्रांचे पट्टे मागवले होते, त्यातल्या एका यंत्राचे त्याला मिळालेच नाहीत. यंत्र चार दिवस शेतात उभं राहिलं, डीलर आमच्या मॅनेजरला, मिश्राजींना, फोनवर नको नको ते बोलला आणि आमच्याशी व्यवहार तोडून मोकळा झाला. मिश्राजी तसे भले गृहस्थ, पण वरून दट्ट्या आला की त्यांना कुणीतरी एक माणूस हवा असे. पट्ट्यांचा विभाग रामखेलावनकडे होता. ते एकच सांगत होते, “साहब, पर्ची आई ही नहीं. आती तो माल न जाता?”

मिश्राजींनी सगळ्या पॅकरना आणि आम्हा ऑर्डरवाल्यांना गोदामात गोळा केलं आणि ताईंना बोलावलं. ताईंनी येण्याआधी पडद्यावर पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, “पर्ची बनी है. सिस्टम में है. ग्यारह बजकर बीस मिनट पर.”

झालं. वाद तिथेच मिटला. एकोणीस वर्षं काम केलेल्या माणसाने पर्ची हरवली आणि वर खोटं बोलला, किंवा त्याहून वाईट, पट्टे बाहेर विकले, असा त्याचा अर्थ होता. मिश्राजींनी त्यांना बुधवारपर्यंत मुदत दिली. तोवर पर्ची आणून दाखवा, नाहीतर चूक कबूल करून राजीनामा द्या. पट्टे ठेवलेल्या जाळीच्या खोलीची किल्ली त्याच मिनिटाला काढून घेतली. रामखेलावन ताईंकडे बघत होते. रागाने मुळीच नाही. काहीतरी आठवायचा प्रयत्न करावा तसे.

मंगळवारी दुपारी हेड ऑफिसहून एक सल्लागार आला. एकूण जॉबांचा आकडा गेल्या काही आठवड्यांत फार फुगला होता. मार्चअखेरची धांदल, आणि नवऱ्याच्या मोतीबिंदूमुळे ताई दहा दिवस रजेवर, त्यामुळे दर शनिवारची साफसफाई झाली नव्हती. सल्लागार चटपटीत होता. म्हणाला, जुनं सगळं एका फटक्यात पुसू, पाच मिनिटांचं काम आहे. ताई म्हणाल्या, पुसण्याआधी मी एकदा यादी पाहीन. तो म्हणाला, चार हजार ओळी? ताई म्हणाल्या, हो. मिश्राजींनी मला ऑर्डर विभागातर्फे शेजारी बसवलं, एखाद्या कागदाबद्दल शंका आली तर सांगायला. सल्लागार चहा प्यायला गेला. पाच वाजता तो पुसणार होता.

ताई एकेक पान खाली सरकवत होत्या. लॉगिनच्या नोंदी, फसलेले रिपोर्ट, आणि थांबवून ठेवलेल्या पर्च्या. या शेवटच्या प्रकाराला कारण आम्ही होतो. माझ्यासारखे दोनदा-तीनदा कळ दाबणारे इतके झाले होते की रामखेलावनचा त्रास वाचावा म्हणून ताईंनी स्वतःच एक पद्धत बसवली होती. एकाच डीलरच्या, एकाच मालाच्या दोन पर्च्या पाठोपाठ दिसल्या की दुसरी ताई रांगेतच थांबवायच्या, आणि शनिवारी विचारून पुसायच्या. कित्येक वर्षांत त्यांचा अंदाज चुकला नव्हता.

एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. बाराबंकी. पट्टे. अकरा वाजून वीस मिनिटं. थांबवलेली.

ताईंनी त्या दिवसाच्या ऑर्डरी उघडल्या, तर अकरा सतराचीही एक पर्ची होती, तीही बाराबंकीची, तेच पट्टे, तेवढेच नग. ती छापून गेलेली. मला तो दिवस आठवला. त्या दिवशी डीलरने मला फोन करून चार पट्टे मागवले होते, आणि ठेवता ठेवता म्हणाला होता, दुसऱ्या यंत्रासाठी आणखी चार, वेगळ्या गाडीने थेट शेतावर पाठवा. मी दुसरी ऑर्डर चढवली, कळ एकदाच दाबली. आयुष्यात पहिल्यांदा सगळं नियमाने केलं होतं. ताईंना ती माझी नेहमीची घाई वाटली.

मी हळूच म्हणालो, “ताई, दोन ऑर्डरी होत्या.”

त्यांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी खरं तेच लिहितो. माझ्या मनात आलं की पन्नास मिनिटांनी हे सगळं आपोआप पुसलं जाणार आहे. ताई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या, आणि त्यांची दोन वर्षांची मुदतवाढ वर सहीला गेलेली होती. त्या नोकरीवर त्यांचा किती जीव होता ते मला माहीत होतं. हे त्यांच्याही मनात आलं असेल का, मला ठाऊक नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “मी पाहिलं काय? पर्ची बनली का, एवढंच. निघाली का, हे पाहिलंच नाही. अर्धंच विचारलं मी.”

मग त्यांनी ती पर्ची रांगेतून सोडली आणि ओढणी डोक्यावर घेऊन चालू लागल्या. मी मागोमाग.

आम्ही गोदामात पोचलो तेव्हा प्रिंटर कुरकुरून थांबला होता आणि रामखेलावन पर्ची हातात घेऊन वाचत होते. सवयीने त्यांनी कानावरची पेन्सिल काढलीसुद्धा.

“मैडम, पट्टा निकालें? जाली की चाबी तो साहब के पास है.”

“तारीख देखिए,” ताई म्हणाल्या.

त्यांनी तारीख पाहिली. मग ताईंकडे पाहिलं.

“मैंने रोकी थी. मुझे लगा दोहरी है. आपके पास आई ही नहीं. गलती मेरी है.”

मला वाटलं आता ते बोलतील, ओरडतील, निदान सुटल्यासारखे होतील. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि ताईंना दिला. वहीचं पान होतं. पुतणीकडून लिहवून घेतलेलं, खाली त्यांची वाकडीतिकडी सही. मी, रामखेलावन, लिहून देतो की पर्ची माझ्या हातून हरवली, माझं चुकलं, कंपनीने मला माफ करावं. तो कागद ते उद्या मिश्राजींना देणार होते.

“पर आपको तो पर्ची मिली ही नहीं थी,” ताई कागद वाचून म्हणाल्या.

“आप बोलीं बनी है,” रामखेलावन म्हणाले. “तो हम सोचे, मैडम गलत थोड़े कहेंगी. हमसे ही कहीं गिर गई होगी. घर में भी यही कह दिया.”

ताई तिथेच एका खोक्यावर बसल्या. मी त्यांना एवढ्या वर्षांत गोदामात कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. रामखेलावनने कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं. ताईंनी तो कागद परत दिला नाही, पर्समध्ये ठेवला, आणि उठून मिश्राजींकडे गेल्या.

मिश्राजी ऐकून हादरले. रामखेलावनचा विषय त्यांनी तिथल्या तिथे संपवला, किल्लीही परत दिली, एवढं त्यांच्या बाजूने म्हटलं पाहिजे. पण कागदावर काय लिहायचं यावर ते अडले. “मैडम, तकनीकी खराबी लिख देते हैं. मशीन का क्या जाता है? आपका एक्सटेंशन ऊपर पड़ा है.” ताई म्हणाल्या की मशीनने तिला सांगितलं तेच केलं, आणि स्वतःच्या हाताने अर्धं पान लिहून दिलं. ते पान वर गेलं की नाही, कळलं नाही. नोटीस बोर्डावर लागलं ते असं, की तांत्रिक कारणामुळे एक पर्ची निघाली नव्हती आणि प्रकरण बंद करण्यात आलं आहे. मुदतवाढ आली नाही. का, तेही कुणी सांगितलं नाही.

तांत्रिक कारण या शब्दांत भरपूर जागा असते. गोदामात लोक म्हणत राहिले, साहेबांनी म्हाताऱ्याला वाचवलं, एवढंच. पट्टे मोजताना आता कुणी ना कुणी रामखेलावनच्या शेजारी उभं राहू लागलं. ते मोजत राहत. आवार ओलांडताना ताई हे सगळं पाहत होत्या.

जूनच्या शेवटच्या दिवशी गोदामातच ताईंचा निरोपसमारंभ झाला. समोसे, केक, प्लास्टिकच्या खुर्च्या. हवालदारसाहेब आणि मुलगी पहिल्या रांगेत. मिश्राजी मनापासून बोलले. शेवटी म्हणाले, “बाईस साल में तायडे मैडम से एक भी गलती नहीं हुई.” टाळ्या पडल्या. ताई उभ्या राहिल्या. पर्समधून रामखेलावनचं ते वहीचं पान काढलं, चष्मा वर सरकवला आणि भाषण वाचावं तसं सावकाश वाचायला लागल्या.

“मैं, सुमन तायडे, लिखकर देती हूँ कि बाराबंकी की पर्ची मेरे हाथ से रुकी. गलती मेरी थी. एक गरीब आदमी को कंपनी ने मेरे कहने पर झूठा समझा. मुझे माफ़ किया जाए.”

शब्द बहुतेक त्या पानावरचेच होते, नाव तेवढं त्यांनी स्वतःचं घातलं होतं, आणि मधलं एक वाक्य. ज्यांच्यासमोर त्या एप्रिलमध्ये बोलल्या होत्या ते सगळेच्या सगळे तिथे होते. कुणाला टाळ्या वाजवायच्या की नाही ते कळेना. मुलगी “मम्मी…” म्हणून अर्धवट उठली आणि पुन्हा बसली.

ताई शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या आणि तो कागद रामखेलावनच्या पुढे धरला. “अब इसको फाड़ दीजिए.”

रामखेलावन समोशाची ताटली हातात घेऊन उभे राहिले होते. त्यांनी ती शेजाऱ्याकडे दिली, हात गमछ्याला पुसले, कागद घेतला. फाडला नाही. नीट घडी घालून वरच्या खिशात ठेवला. डोळे भरून आले होते त्यांचे, माझेही. मग ते मिश्राजींकडे वळून चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, “साहब, मैडम को अभी तक चाय नहीं मिली,” आणि कुणाची वाट न पाहता स्वतःच आणायला गेले.